वरपक्षाची माणसं

"हलू नका हो!" शशिकांत धैर्यवान हेल्मेटच्या आतून ओरडले.

"मी नाय हलत!" मागून हरेश्वर वैती त्यांच्या दुप्पट आवाजात ओरडले. "गाडी हलते!"

"गाडी आपोआप हलत नाही. तुम्ही वाद घालताना हात हलवता, त्याने तोल जातो."

"हात कुठं हलवतो? हात तर तुमच्या खांद्यावर हायेत."

ते खरं होतं. भायखळ्यापासून हरेश्वरनी शशिकांतरावांचे खांदे असे आवळून धरले होते की त्यांची मान निम्मी शर्टात गेली होती. या माणसाने उभं आयुष्य समुद्रात काढलं होतं. वादळात होडी हाकली होती. पण मोटरसायकलवर मागे बसायची पाळी आली की त्यांचे डोळे मिटत. म्हणूनच तर शशिकांतरावांनी पुलावरून न जाता खालचा रस्ता धरला होता आणि म्हणूनच लालबागच्या प्रत्येक सिग्नलला थांबावं लागत होतं.

वाद हॉलचा होता. शशिकांतरावांच्या विक्रांतने हरेश्वरच्या पूर्वीशी लग्न ठरवलं होतं. मुलगा-मुलगी एकाच इस्पितळात कामाला, दोघं समजूतदार, दोन्ही घरांत कुणी नाक मुरडलं नव्हतं. अडलं होतं ते माणसांवर. दादरच्या एका कार्यालयात दोन हॉल होते, वरचा छोटा आणि खालचा मोठा. शशिकांतरावांना वरचा हवा होता. हरेश्वरचं म्हणणं, वरच्या हॉलमध्ये त्यांची नुसती भावकी उभी राहिली तरी नवरा-नवरीला जिन्यात उभं राहून माळा घालाव्या लागतील. महिनाभर हे चाललं होतं. शेवटी आज दुर्गाबाई आणि तुळसाबाई, म्हणजे शशिकांतरावांची आणि हरेश्वरची बायको, सकाळीच टॅक्सी करून दादरला साड्या बघायला निघून गेल्या. जाताना दुर्गाबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं मोटरसायकलवरून या. दादर येईपर्यंत काय ते एक ठरवा. एक वाजता ऑफिस बंद होतं आणि दुसरी एक पार्टी टपून बसलीये."

"मी परत सांगतो," शशिकांतराव म्हणाले, "लग्न हा घरगुती समारंभ..."

तेवढ्यात मागचं चाक डावीकडे गेलं, हरेश्वर उजवीकडे गेले, आणि गाडी कशीबशी फुटपाथला लागून उभी राहिली. शशिकांतरावांनी खाली वाकून पाहिलं. मागचा टायर जमिनीवर पसरून बसला होता.

"पंक्चर," ते म्हणाले. एखाद्या सभ्य गृहस्थाने तोंडावर शिवी द्यावी तसा त्यांचा चेहरा झाला. "इतक्या वर्षांत कधी झाली नाही."

"मी बोललो ना, गाडी हलते," हरेश्वर म्हणाले आणि उतरून आधी दोन पावलं चालून जमीन पक्की आहे ना ते पाहून आले.

गाडी थांबली होती ती नेमकी मसाल्याच्या दुकानांसमोर. एप्रिल महिना. आत मिरच्या कुटायचे डंक धडधडत होते, दारात बायकांच्या रांगा लागल्या होत्या, आणि हवेत तिखट असं भरलं होतं की शशिकांतरावांनी हेल्मेट काढल्या काढल्या त्यांना शिंक आली. मग हरेश्वरना आली. मग दोघांना एकदम आली.

"काळजी नको," डोळे पुसत शशिकांतराव म्हणाले. "माझ्याकडे पंप आहे."

डिकीतून त्यांनी पायाने मारायचा पंप काढला. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडात, आणि कापड सुतळीने बांधलेलं होतं. गाठ सोडता सोडता आणखी काही शिंका झाल्या. नळी लावून त्यांनी पहिला दाब दिला. पंपाच्या रबराने जुन्या बिस्किटासारखा तुकडा टाकला. दुसऱ्या दाबाला नळीच हातात आली. मसाल्याच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "काका हवा कुठे भरतायत, बघ तरी!"

शशिकांतरावांनी पंप पुन्हा कापडात बांधला. विमा कंपनीत त्यांनी आयुष्य काढलं होतं ते याच पद्धतीने. लागेल ते स्वतःजवळ ठेवायचं, कुणाकडे मागायचं नाही. छत्री स्वतःची, पेन स्वतःचं, डबा स्वतःचा. कुणाच्या लग्नाला गेले तर पाकीट देऊन जेवायच्या आधी निघायचे. वडील गेले तेव्हा ऑफिसातली माणसं यायला निघाली होती, त्यांना यांनीच फोन करून सांगितलं, "एवढ्या लांब कशाला, उगाच त्रास." कुणाला आपला त्रास होऊ नये याची त्यांनी इतकी काळजी घेतली होती की हळूहळू कुणालाच तो होईनासा झाला.

पुलाखाली पंक्चरचं एक दुकान होतं. तिथल्या माणसाने खुर्चीतून न उठताच टायरकडे पाहिलं.

"ट्यूबवाला है. हम सिर्फ ट्यूबलेस करता है, अंकल."

"मग ट्यूबचं कोण करतं?"

"आगे परेल में अण्णा है. पुराना आदमी है, पुराना काम करता है."

परळपर्यंत ढकलायचं म्हणजे लांब होतं. शशिकांतरावांनी हँडल धरलं, हरेश्वर मागून ढकलू लागले. पंक्चर झालेली गाडी भरलेल्या पिंपासारखी जड होते. भारतमाता टॉकीजच्या सिग्नलपर्यंत आले तोवर शशिकांतरावांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि श्वास तोंडाने चालला होता.

"थांबा शेठ," हरेश्वर म्हणाले. "बसा हितं कट्ट्यावर. मी फोन करतो."

"कुणाला?"

"हाय ना कोणतरी."

"छे छे, कशाला कुणाला त्रास! आपण हळूहळू..."

पण हरेश्वर बोलू लागले होते. भाऊच्या धक्क्यावर माशांचा लिलाव पुकारण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली होती. त्यामुळे त्यांचा फोन पलीकडच्या माणसाला फोनशिवायही ऐकू गेला असता.

"राजाराम! कुठं हायस? ... मी लालबागला. गाडी बसली. ... अरे मी बरा हाय, गाडी बसली! ... व्याह्यांची! टेम्पो घेऊन ये. ... बरफ उतरवून ये की!"

एक फोन ठेवला की दुसरा. शिवडीपासून कॉटन ग्रीनपर्यंत बातमी पसरत गेली. मध्येच हरेश्वरनी फोनवर हात ठेवून विचारलं, "तुमचंबी कोण जवळपास असल तर लावा ना. दोन माणसं जास्ती बरी."

शशिकांतरावांनी खिशातून फोन काढला. नावांची यादी उघडली. दुर्गा. ती दादरला. विक्रांत. तो ड्यूटीवर. डॉक्टर. गॅस. लिफ्टवाला. चुलतभाऊ गौतम, वाडीतल्या खोलीवरून वीस वर्षांपूर्वी बोलणं बंद झालेला. समोरच्या खोलीतले विजयकर, आता डोंबिवलीला. शेवटचं बोलणं बहुतेक त्यांच्या आईच्या बाराव्याला. ऑफिसातला पै. पै दोन वर्षांपूर्वी वारला होता; नंबर काढायचा राहून गेला होता. अंगठा खाली सरकत गेला आणि यादी संपली. ते पुन्हा वर गेले, जणू मधलं एखादं नाव नजरेतून सुटलं असावं.

"लागत नाहीये," ते म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

सगळ्यांत आधी आली ती शेवंतीबाई. हरेश्वरची सख्खी आत्या, सत्तरीच्या पुढची, लालबागच्या बाजारात मासे विकणारी. अंगावर हिरवं लुगडं, कानांत सोनं, हातात अजून कोयता. बाजारातून तशीच उठून आली होती.

"कोन पडला?" तिने लांबूनच विचारलं.

"कोण नाय पडला, आत्ये. पंक्चर झाली."

"मंग एवढा बोंबलत कशाला होतास? मना वाटला, गेलास." मग तिने शशिकांतरावांकडे वळून त्यांना आपादमस्तक पाहिलं. "हे पूर्वीचे सासरे? किती सुकलेत! पानी पाजलंस काय त्यांना?"

"नको नको," शशिकांतराव घाईने उठले. "तुम्ही एवढ्या धंद्याच्या वेळी आलात... उगाच त्रास..."

"तरास कसला?" शेवंतीबाई म्हणाली. "पंक्चर झाली. मयत नाय झाली."

तिने समोरच्या दुकानातून सोडा मागवला आणि त्यांनी तो संपवेपर्यंत कोयता घेऊन समोर उभी राहिली. शशिकांतरावांनी सोडा संपवला.

राजाराम टेम्पो घेऊन आला. हरेश्वरचा हा चुलतभाऊ अंगाने भिंतीएवढा. त्याने मोटरसायकलकडे पाहिलं, "एवढीच?" म्हणाला, आणि रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांना हाक मारून ती उचलून टेम्पोत ठेवली. ती दोन माणसं नंतर बराच वेळ तिथेच उभी होती, पुढे काय होतं ते बघायला.

शेवंतीबाई पुढे राजारामशेजारी बसली. मागे, माशांच्या रिकाम्या क्रेटवर, मोटरसायकल दोन्ही बाजूंनी धरून दोघे बाप बसले. टेम्पोच्या तळाशी बर्फाचं पाणी होतं. शशिकांतरावांचे बूट त्यात बुडाले. गाडी वळली की पाणी इकडून तिकडे जायचं आणि दोघे एकदमच पाय उचलायचे.

 मग शशिकांतराव टायरकडे बघत म्हणाले, "हरेश्वरराव, मघाशी मी फोन लावलाच नाही."

"माहीत हाय."

"कसं?"

"कानाला लावला नाय तुम्ही."

शशिकांतरावांनी मान हलवली. "वरचा हॉल मी का म्हणत होतो, सांगू? खर्चाचं नाही, साधेपणाचं नाही, तसलं काही नाही. मोठ्या हॉलमध्ये एका बाजूला मुलीकडची बसतात, एका बाजूला मुलाकडची. तुमची बाजू भरेल. माझ्याकडे..." ते थांबले. एक मोटारवाला मागून हॉर्न देत होता, तो जाऊ दिला. "माझ्याकडे माणसंच नाहीत हो. दुर्गाचं माहेर इंदूरचं, तिथे आता एक आजारी मावशी. बाकी सगळे कुठे कुठे गेले, आणि मीही कधी कुणाला धरून ठेवलं नाही. पोराच्या लग्नात रिकाम्या खुर्च्या दिसतील. त्याला किती वाईट वाटेल."

हरेश्वरनी पाय उचलले, पाणी गेलं, पाय खाली ठेवले.

"एवढंच ना?" ते म्हणाले.

"एवढंच म्हणजे?"

"आमची घ्या."

"काय घेऊ?"

"माणसं. आमच्याकडं जास्त हायेत. अर्धी तिकडं बसवू, अर्धी तुमच्याकडं. आमच्यात निम्म्यांचं निम्म्यांशी भांडणच असतंय, एका बाजूला बसवली तर मारामारी. तुमच्याकडं बसली तर माझीपण कटकट मिटल."

शशिकांतराव त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस थट्टा करतोय की काय ते त्यांना कळेना. पण हरेश्वर गंभीरपणे बोटांवर हिशेब करू लागले होते.

"राजाराम घ्या. बायको-पोरांसकट. जेवतो जरा जास्ती, पण दिसायला भारी दिसतो, खुर्ची भरते. मनू नाखवा घ्या, तो माझ्याशी बोलत नाय, तुमच्याकडं खुशीत येल. आणि..." त्यांनी पुढच्या काचेकडे बघून आवाज खाली आणला, म्हणजे फक्त शेजारच्या दोन गाड्यांना ऐकू जाईल इतका, "आत्येला घ्या. ती एकटी पन्नास माणसांची."

आणि शशिकांतराव हसले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग क्रेट हलू लागला इतके. हसता हसता त्यांना पुन्हा शिंक आली; मसाला अजून नाकात होता. हरेश्वरनी आपला रुमाल पुढे केला. त्याला बोंबलांचा वास होता. शशिकांतरावांनी तो घेतला आणि नाक, डोळे, सगळंच पुसलं.

परळच्या अण्णाने चाक काढायला घेतलं तेव्हा त्याच्याभोवती राजाराम, शेवंतीबाई, दोघं बाप आणि वाटेत चढलेला कुणीतरी असा घोळका होता. प्रत्येक जण त्याला काहीतरी सुचवत होता. राजारामला टायर लोखंडी पट्टीने काढणं पसंत नव्हतं, शेवंतीबाईला अण्णाच्या पाण्याच्या घमेल्यातलं पाणी घाण वाटत होतं. अण्णाने शेवटी हात थांबवले.

"गाडी किसका है?"

"हमारा," चार-पाच जण एकदम म्हणाले.  ट्यूब पाण्यात बुडवण्यासाठी शशिकांतरावांनी बाह्या वर केल्या होत्या, आणि अण्णाने नको म्हटलं तरी बुडबुडे शोधायला त्यांनी हात घातला. कोपरापर्यंत काळे झाले.

सगळे कार्यालयाशी पोचले तेव्हा मॅनेजर कुलूप हातात घेऊन उभा होता आणि तुळसाबाई दारात आडव्या उभ्या राहून त्याला बोलण्यात गुंतवत होत्या. दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शर्टाला ग्रीस, बूट ओले, वास माशांचा.

"अपघात झाला?"

"नाही. पंक्चर."

"आणि ठरलं का काही?"

"खालचा," शशिकांतराव म्हणाले.

दुर्गाबाईंनी आश्चर्याने हरेश्वरकडे पाहिलं. ते छताचा पंखा बघण्यात गुंगले होते. मॅनेजर घाईघाईने आत गेला. "बसा. मांडणी कशी करायची? वधूपक्षाचं वैतीसाहेबांनी मागेच सांगितलंय. वरपक्षाची माणसं किती धरू?"

"आमची फार नाहीत," दुर्गाबाई जरा अवघडून म्हणाल्या. "चाळीसेक..."

"सारखी धरा," शशिकांतराव म्हणाले. "दोन्हीकडच्या खुर्च्या सारख्या."

दुर्गाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "अहो, आपली कोण आहेत एवढी?"

शशिकांतरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पायऱ्यांवर शेवंतीबाई बसली होती. पदराने वारा घेत ती वॉचमनला झापत होती. मुलाकडची माणसं उन्हात बसलीत, एक खुर्ची आणायची अक्कल नाही काय? वॉचमन नम्रपणे खुर्ची शोधायला निघाला होता.

"ती बघ," ते म्हणाले. "ती माझी आत्या."

दुर्गाबाईंनी आधी बाहेर पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"तुमची आत्या?"

"लांबची," शशिकांतराव म्हणाले.

आणि ते उठून बाहेर गेले. वॉचमनने खुर्ची आणली होती, पण ती तशीच रिकामी होती. शेवंतीबाईने लुगडं सावरत थोडं सरकून त्यांना पायरीवर जागा करून दिली.