मामाच्या पत्त्यावरची डॉक्टर

मित्रांनो, मी एक जुना कणा आहे. माणसाच्या पाठीचा, पण प्लॅस्टिकचा. लोखंडी स्टँडला लटकून लटकून मी इतका दमलो आहे, की कोणी कोणाला 'ताठ बस' म्हणालं तरी मला सांगणाऱ्याचाच राग येतो.

जर्मनीतल्या एका कारखान्यात माझे मणके लवचिक दांडीत ओवले गेले. मधल्या चकत्या रबराच्या. त्यातली एक मुद्दाम बाहेर सरकलेली ठेवली, कारण लोकांना बिघाड दाखवायलाच मी हवा होतो. तिथून मी कापेल आन डेन आयसेल या डच गावात योकेबाईंच्या दवाखान्यात आलो. योकेबाई ऑस्टिओपॅथ, म्हणजे हातांनी दाबून, वळवून दुखणी बरी करणाऱ्या. दिवसभर त्या मला वाकवायच्या, पिळायच्या आणि पेशंटना म्हणायच्या, "बघा, तुमचं हे असं झालंय." लोक माझ्याकडे बघून हळहळायचे. माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

तिथेच एकदा विश्वास आले. पुण्याचे, आयटीतले. पाठ धरली म्हणून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले होते. त्याने नेहमीप्रमाणे पॅरासिटमॉल सांगून वाटेला लावलं होतं. सोबत त्यांची शाळकरी मुलगी ईशानी होती. वडील टेबलावर कण्हत होते आणि ही माझा एकेक मणका बोटाने चाचपत होती. पुढे ती दर वेळी हट्टाने यायची. योकेबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला तिलाच देऊन टाकलं. सायकलच्या कॅरिअरवर बांधून तिने मला घरी नेलं. वाऱ्याने माझी मान पार आखडली, पण मी फार सुखात होतो.

ईशानी मोठी झाली, मास्ट्रिख्टहून पदवी घेऊन आली. तिला ऑस्टिओपॅथीच शिकायची होती, पण पूर्ण डॉक्टर होऊन, आणि ते अमेरिकेत जमतं. विश्वास न्यू जर्सीत प्रोजेक्टवर असताना तिचा जन्म झाला होता, त्यामुळे तिचा पासपोर्ट अमेरिकेचा. अडचण निराळीच निघाली. तिला आवडलेलं कॉलेज आधी आपल्या राज्यातली मुलं घेत होतं. बाहेरच्यांना उरल्यासुरल्या जागा.

"एवढंच ना?" तिची आई सुचेता म्हणाली. "रणजितमामा त्याच राज्यात राहतो. त्याचा पत्ता घालू. तुझ्या बाबांना नाही का आत्याच्या पत्त्यावर चांगल्या शाळेत घेतलं? सगळं पुणं असंच करतं."

"आई, दॅट्स नॉट माय अ‍ॅड्रेस."

"मामाचं घर काय परक्याचं आहे?"

सुचेताला यात काही खोटं आहे असं मनापासून वाटत नव्हतं. मामा, मावशी, आत्या यांची घरं ती आपलीच धरत आली होती. ईशानी वाद घालून थकली आणि तिने अर्जात मामाचा पत्ता भरला. मला ते पटलं नव्हतं. तसाही मला कोण विचारतो!

तो पत्ता लागू पडला. इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, व्हिडिओवर. त्या दिवशी सुचेताने माझी धूळ पुसली आणि मला मागे शोभेला उभं केलं. स्वतः ती कॅमेऱ्याच्या बाहेर स्टुलावर बसली. समोर एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मायेने विचारलं, "तुमच्या भागात डॉक्टर उरले नाहीत. बाळंतिणींना दूरच्या शहरात न्यावं लागतं. म्हणून आम्ही इथली मुलं आधी घेतो, ती शिकून परत येतात. तुम्ही स्वतः काय पाहिलंय तिथे?"

मामांनी उत्तर पढवून ठेवलं होतं. सुचेता हाताने खुणावत होती, बोल, बोल. ईशानीने आईकडे बघितलं, मग स्क्रीनकडे.

"मी तिथे राहत नाही," ती शेवटी म्हणाली. "तो माझ्या मामाचा पत्ता आहे."

बाईंनी खरं सांगितल्याबद्दल आभार मानले. अर्ज आता पुढे जाणार नाही, हेही हळू आवाजात सांगितलं.

"हात दाखवून अवलक्षण केलंस!" स्क्रीन बंद होताच सुचेता ओरडली. "दोन वाक्यं बोलायची होती फक्त."

"ती सीट तिथल्या कोणाची तरी आहे, आई." ईशानी म्हणाली. "एव्हरीवन टेक्स देअर ओन फर्स्ट. मग मी कोणाची?"

विश्वास दारात येऊन उभे होते. "आमची," ते म्हणाले.

"'आमची' इज नॉट अ प्लेस, बाबा."

मी माझ्या स्टँडवर लटकून होतो, आणि मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, माझ्यावर पुन्हा धूळ बसली आहे. ती पुसली नाहीत तरी माझी तक्रार नाही. एकच मागतो. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कोणी नवी मुलगी आली, तर 'तू मूळची कुठली?' हे इतक्यात विचारू नका. आधी तिला म्हणा, 'ये, आमच्यात बस.'