घरात कोणाला कमी ऐकू येतं?

लेक एकोणीस वर्षांची होती. तीन दिवस ताप हटेना, पाठीत कळा येऊ लागल्या, म्हणून तिला दवाखान्यात दाखल केलं. किडनीला संसर्ग झाला होता आणि तो रक्तात पसरत होता. तरुण डॉक्टर कागद पुढे धरून एकेक विचारत होता. ॲलर्जी? नाही. आधी काही ऑपरेशन? नाही.

"घरात कोणाला कमी ऐकू येतं? एखाद्या औषधानंतर कोणाचे कान गेलेत?"

"नाही," मी म्हणाले.

विचार करून म्हणाले असते, तर निदान खोटं बोलले असं तरी म्हणता आलं असतं. ते आपसूक निघून गेलं. तीस वर्षांची सवय होती.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, रेडिओ दुरुस्त करायचा. बाविसाव्या वर्षी त्याला क्षय झाला आणि दोन महिने रोज इंजेक्शनं घ्यावी लागली. क्षय बरा झाला, पण कान गेले. नेमकं तेव्हाच माझं लग्न जमवणं चाललं होतं. आईनं आम्हा बहिणींना बजावलं, "कोणी विचारलं तर म्हणायचं, मुलगा अबोल आहे." पाहुणे यायचे असले की दादाला काहीतरी काम काढून बाहेर पिटाळायचे. मी सासरीही तेच चालू ठेवलं. चार वर्षांनी नवऱ्याला कळलं, तेव्हा तो हसला. "एवढंच होय?" म्हणाला. तरी माझी जीभ काही सुधारली नाही.

लेकीला इंजेक्शनं सुरू झाली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "कानात सारखी शिट्टी वाजतेय." मी म्हणाले, "अशक्तपणा आहे गं, जाईल." सहाव्या दिवशी सकाळी ताप उतरला होता. ती उशीला टेकून बसली. मी तिचे केस विंचरत बोलत होते, तर ती एकदम वळली.

"आई, नुसते ओठ काय हलवतेस? बोल ना मोठ्यानं!"

मी मोठ्यानंच बोलत होते.

कानाच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. तीन आठवड्यांनी मला समोर बसवून त्यांनी सावकाश समजावलं. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया असतात. आपण खातो ते अन्न आणि श्वासातला प्राणवायू वापरून ते पेशीला शक्ती पुरवतात. फार फार पूर्वी ते स्वतंत्र जिवाणू होते, नंतर पेशीच्या आत राहायला आले आणि तिथलेच झाले. त्यांचा स्वतःचा छोटासा जनुकसंच अजून आहे, आणि तो फक्त आईकडून मिळतो.

"हे औषध, आणि क्षयावरची काही इंजेक्शनंही, जिवाणूंचं प्रथिनं बनवणारं यंत्र बंद पाडतात," बाई म्हणाल्या. "माणसाच्या मायटोकाँड्रियातलं यंत्र थोडं वेगळं असतं, म्हणून ते बहुधा वाचतं. तुमच्या लेकीच्या जनुकात एक अक्षर बदललेलं आहे. त्यामुळे तिचं यंत्र जिवाणूच्या यंत्रासारखं दिसतं आणि औषध तिथेही जाऊन चिकटतं. कानातल्या नाजूक पेशींना शक्ती भरपूर लागते. त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत."

"म्हणजे माझ्याकडून आलं."

"बदल तुमच्याकडून आला. त्यात तुमचा काय दोष?"

मी खाली उतरून त्या तरुण डॉक्टरला गाठलं. दादाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी हो म्हणाले असते तर?"

त्यानं हातातली फाइल मिटली. "दुसरं औषध दिलं असतं," म्हणाला.

लेकीला मी वहीत लिहून सांगितलं. चार पानं लिहून फाडली. शेवटी तीन ओळी उरल्या. तिनं त्या वाचल्या, वही मिटली आणि दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, "मामाला माहीत आहे?"

दादा आता पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. मोटर नीट चालतेय की नाही, हे तळहात ठेवून ओळखतो. लेकीला घेऊन मी त्याच्या दुकानात गेले. मी लिहिलेला कागद त्यानं दोनदा वाचला. मग त्याच्या त्या चढ्या, बिनतालाच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे मी दोन घेतली म्हणून नाही?"

मला कळेना. तो म्हणाला, "एक दिवस कंटाळून गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी कंपाउंडरकडून हट्टानं दोन टोचून घेतली. त्यानंच कान गेले, असं वाटायचं मला."

तीस वर्षं हे त्यानं एकट्यानं वागवलं होतं, आणि आम्ही त्याला अबोल म्हणत होतो. मी त्याचे पाय धरायला वाकले, तर त्यानं मला दटावून स्टुलावर बसवलं. लेकीचा हात ओढून चालू पंख्याच्या मोटरवर ठेवला. ती कितीतरी दिवसांनी हसली.

बाईंनी सांगितलं होतं, तुमच्या आईच्या सगळ्या मुलांत हे असणार. मुलग्यांकडून पुढे जात नाही, मुलींकडून जातं. म्हणून मी ताईला फोन केला.

"आत्ता नको," ताई म्हणाली. "पोरीचं लग्न जमलंय. पार पडू दे, मग बघू."

"ताई, आईनं हेच केलं होतं गं."

"आईला मध्ये आणू नकोस," म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भाचीच्या ऑफिसात गेले आणि सगळं तिच्या कानावर घातलं. तिनं तपासणी करून घेतली. तिच्यातही तेच निघालं. कोणती औषधं चालणार नाहीत, याची चिठ्ठी ती आता पर्समध्ये ठेवते. होणाऱ्या नवऱ्याला तिनंच सांगितलं, आणि लग्न ठरल्या दिवशी झालं. मला बोलावणं नव्हतं. ताई अजून बोलत नाही.

आठ महिन्यांनी ऑपरेशन करून लेकीच्या कानात यंत्र बसवलं; त्याचा बाहेरचा भाग कानामागे लावला की तिला ऐकू येतं. सुरुवातीला सगळी माणसं डब्यातून बोलल्यासारखी वाटायची म्हणे. आता मैत्रिणींशी फोनवर गप्पा मारते, कॉलेजलाही जाते. माझ्याशी बोलताना मात्र कधी कधी मध्येच यंत्राचा बाहेरचा भाग काढून टेबलावर ठेवते. "दमले गं," म्हणते.

दमलीही असेल. मी खोदून विचारत नाही.