इंदुमतीबाईंचे पिवळे दिवे

आमचे हे मोटारीखाली शिरले त्याला बराच वेळ झाला होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे पाय, आणि घरून निघताना बजावून सांगूनही त्या पायांत दोन वेगवेगळे मोजे होते. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत इंदुमतीबाई ताठ बसल्या होत्या आणि निकाल त्या पायांकडूनच कळणार असल्यासारख्या तिकडे बघत होत्या.

"काका, चॅसिस नंबर मिळाला?" साकेतनं वाकून विचारलं.

"मिळाला. जुळतोय," खालून आवाज आला. "आता जरा गप्प बस. बोललं की तोंडात माती जाते."

साकेत हा मूळचा पुण्याचा मुलगा, गुरुग्रामच्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला. त्या कंपनीच्या मालकांना जुन्या मोटारींचं संग्रहालय काढायचं होतं आणि दिल्लीतल्या हिंदूरावच्या टेकडीजवळच्या या बंगल्यातली मोटार त्यांना हवी होती. नाव घेतलं की माणसं आवाज खाली आणतात, अशा एका विलायती कंपनीची ती गाडी. इंदुमतीबाईंच्या आजोबांनी, म्हणजे ग्वाल्हेरकडच्या एका सरदारांनी, ती मुद्दाम बांधून घेतली होती. आता बंगला विकला गेला होता. बाई नोएडाला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या आणि तिथे लिफ्टनं मोटार वर नेता येत नाही, असं त्या स्वतःच हसत सांगत होत्या.

संग्रहालयाची अट एकच होती: गाडी अस्सल आहे असं श्रीरंगांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, सांगायला हवं. त्यांनी नाही म्हटलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. तो लग्नाच्या वरातींना गाड्या भाड्यानं देणारा माणूस होता. तो छप्पर कापून गाडी उघडी करणार होता, म्हणजे नवरदेव लांबून दिसतो. ही गोष्ट बाईंनी आम्हाला दारातच सांगितली आणि नंतर पुन्हा काढली नाही.

"मला विचाराल तर हातच्या कांकणाला आरसा कशाला?" एवढंच त्या म्हणाल्या. "मी या गाडीत लहानाची मोठी झालेय."

पण श्रीरंगांना असं विचारून चालत नाही. पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हा या माणसाचा बाणा. जन्मभर त्यांनी केंद्र सरकारच्या एका कचेरीत स्टाफ-कारचा विभाग सांभाळला. बदललेला पार्ट खरोखरच बदललाय का, ते गाडीखाली जाऊन बघत राहिले. त्यामुळे सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आमच्याकडे गॅरेजवाल्यांची दिवाळीची मिठाई फारशी कधी आली नाही. त्यातूनच जुन्या गाड्यांचं वेड लागलं. रिटायर झाल्यावर लोक पारखायला बोलवू लागले. घरात गाडी म्हणाल तर एक स्कूटर. आजही आम्ही द्वारकेहून मेट्रोनं आणि पुढे ऑटोनं आलो होतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावर हे म्हणाले होते, "एकदा उजेडात बघतो." मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं, आणि अजूनही आवडतं.

ते मोटारीखालून बाहेर आले, कपडे झटकले आणि मागचं दार उघडून आत डोकावले. मागची सीट भलतीच बसकी आणि रुंद होती. खिडक्यांना पडद्यांच्या पितळी दांड्या, हाताशी पानसुपारीचा छोटा खण, आणि दाराखाली जादा पायरी. साकेत काळजीत पडला. असली सीट त्या कंपनीनं कधी केलीच नाही, फोटोत सगळ्या उंच आहेत, मग ही मागाहून बसवलेली नसेल ना, असं तो विचारत होता.

"आजीसाहेबांना पाय सोडून बसता यायचं नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "नऊवारीत मांडी घालून बसायच्या. गाडीतसुद्धा."

श्रीरंगांनी सीटखालचं लाकूड बॅटरीनं न्याहाळलं, जुने खिळे पाहिले, जास्तीचं एकही भोक नाही हे बघितलं आणि मान हलवली. मग साकेतला शांतपणे समजावलं की हौसेनं फेरफार केलेली गाडी खोटी ठरत नाही. फेरफार कुणी, कधी आणि कशापायी केला, हे गाडीनं सांगितलं पाहिजे. ही सीट जन्मापासूनचीच होती. बाईंचे खांदे जरा सैल झाले.

आणि मग ते पुढच्या दिव्यांपाशी येऊन थांबले.

दिवे सुरेख होते. दोन मोठे, गोल, झळझळीत पितळी दिवे. श्रीरंगांनी जवळचा चष्मा चढवला, भिंग काढलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी ओळखते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. या सालच्या गाडीला कंपनी पितळेवर निकलचा मुलामा दिलेले दिवे द्यायची, चांदीसारखे पांढरे. मुलामा झिजला तर कुठेकुठे पांढरे डाग उरतात. इथे डाग नव्हते, सगळं एकसारखं पिवळं होतं. म्हणजे हे दिवे दुसऱ्याच एखाद्या जुन्या गाडीचे असावेत. काचेभोवतीची कडी काढून बघता आली असती, पण तिचे स्क्रू गंजून बसले होते आणि जुन्या स्क्रूवर जबरदस्ती करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"दिवे याच गाडीचे आहेत," बाई म्हणाल्या.

"असतीलही. पण मला तसं सांगता येणार नाही."

"आणि तसं नाही सांगितलंत तर?"

साकेतनं खाली बघितलं. दिवे बदललेली गाडी साहेब घेणार नाहीत, हे त्याला तोंडानं बोलवेना. इंदुमतीबाई उठल्या आणि चहाचं बघते म्हणून आत गेल्या. एवढी ताठ बाई, पण उंबऱ्याशी तिनं भिंतीला हात लावला. मला राहवेना, मीही मागोमाग गेले.

चहा उकळत होता तोवर त्यांनी मला देवघर दाखवलं. काय लख्ख होतं म्हणून सांगू! समया, निरांजनं, घंटा, सगळं सोन्यासारखं. विषय बदलावा म्हणून मी विचारलं की दिल्लीच्या या हवेत पितळ इतकं चकचकीत कसं ठेवता. बाई म्हणाल्या, चिंच आणि रांगोळी, दुसरं काही नाही. खंडेनवमीला त्यांच्या घरी शस्त्रांची आणि मोटारीची पूजा असे. आदल्या दिवशी देवाची भांडी अंगणात घासायला काढत, आणि मोटारीचे दिवे हे काम इंदूचं.

"दिवे तेव्हा पांढरट होते," त्या सांगू लागल्या. "मला वाटायचं, कल्हईवाल्यानं चूक केलीय. कल्हई भांड्याला आतून करायची असते, यानं बाहेरून करून ठेवलीय. दरवर्षी मी ती घासायचे. एका वर्षी सगळी निघाली आणि आतून हे सोनं बाहेर आलं. आबासाहेबांनी, माझ्या आजोबांनी, सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं, बघा आमच्या इंदूनं दिवे कसे उजळले ते."

मी चहा तसाच ठेवला आणि बाहेर येऊन ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीतून तेलाची कुपी काढली, स्क्रूंवर थेंब थेंब सोडला आणि व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले. चहा झाला. दुसरा चहा झाला. साकेतनं फोन खिशातून काढला आणि परत ठेवला. मग एक स्क्रू हलला, पाठोपाठ बाकीचेही. कडी अलगद हातात आली. तिच्या खाली, जिथे मुलीचं बोट पोचलं नसतं तिथे, गोल फिरलेला एक बारीक पांढरा पट्टा होता.

"निकल," श्रीरंग म्हणाले. "दिवे याच गाडीचे. गाडी अस्सल आहे."

साकेतनं आनंदानं त्यांचा हातच धरला. बाई मात्र त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे ती कल्हई नव्हती," त्या हळूच म्हणाल्या. "मी दिवे खराब केले होय?"

दुसरा कुणी असता तर छे छे म्हणाला असता. मला धडकी भरली, कारण हे तसं म्हणणार नव्हते.

"कंपनीचा मुलामा तुम्ही काढलात, हे खरं," श्रीरंग म्हणाले. "पण असे दिवे जगात दुसऱ्या कुठल्या गाडीला नाहीत. ही गाडी तुमच्याच घरची, हे आता कोणीही सांगेल."

बाई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आबासाहेबांनासुद्धा कळलं नाही, म्हणाल्या, अख्ख्या गावाला दाखवत होते.

साकेत उत्साहात होता. आता दिव्यांना परत मुलामा देऊन घेऊ, एकदम शोरूम कंडिशन, बिल्कुल नवे दिसतील, असं तो म्हणाला. तेव्हा श्रीरंगांनी भिंग पिशवीत ठेवता ठेवता त्याच्याकडे पाहिलं.

"मुलामा दिलात तर माझा शब्द मी परत घेईन."

"काका, पण तुम्हीच तर ओरिजिनलबद्दल इतके स्ट्रिक्ट असता ना यार."

"म्हणूनच सांगतोय."

साकेतनं साहेबांना फोन लावला, बागेत फेऱ्या मारत बराच वेळ बोलला, आणि परत आला तेव्हा मान डोलावत होता. दिवे जसे आहेत तसेच राहणार होते.

पुढच्या आठवड्यात ट्रक आला. बाईंनी बोलावलं म्हणून आम्हीही गेलो. गाडी ओढून चढवायचा आकडा दिव्यांच्या बाजूला लावू द्यायला श्रीरंग तयार होईनात. हमालांशी हिंदीत बरीच हुज्जत झाली आणि शेवटी मागून ओढत, उलटीच चढवली. त्यामुळे ट्रक निघाला तेव्हा मोटारीचं तोंड बंगल्याकडे होतं.

इंदुमतीबाई फाटकात उभ्या होत्या. ट्रक उतारानं सावकाश खाली गेला, वळणापाशी थांबला, ऑटो जाऊ दिल्या. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी हात कपाळाशी धरला आणि थोड्या वेळानं खाली घेतला.

"दिसतायत का हो दिवे?" त्यांनी विचारलं.

"दिसतायत," श्रीरंग लगेच म्हणाले. "पिवळे. लख्ख दिसतायत."

बाईंनी समाधानानं मान हलवली आणि फाटक लोटून घेतलं. ह्यांचा लांबचा चष्मा सकाळपासून माझ्याच पर्समध्ये होता.