सगळं दिसणारं खातं

"देवमनभाऊ, हे मशीन हाय. भगत नाही," आई म्हणाली आणि देवमनकाकांनी आणलेला चहाचा कप तिनं त्यांच्याकडेच परत सरकवला.

देवमनकाका संस्थेची जीप चालवतात. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आईनं पडद्यावरच्या त्या पांढऱ्या पट्टीत त्यांचं नाव टाकावं आणि त्यांना नोकरीत कायम करायचा प्रस्ताव कुठवर सरकलाय ते पाहावं. त्यांच्या मागे, दाराला टेकून, आणखी दोघं-तिघं उभी होती. कोणाला रजेचं पाहायचं होतं, कोणाला साहेबांनी आपल्याबद्दल वर काय लिहिलंय ते. अमावस्येला एखाद्या भगताच्या ओट्यावर बसावी तशी ही रांग, आणि माझी आई बिचारी निळ्या सुती साडीत कॉम्प्युटरपुढे.

आई, म्हणजे ज्योत्स्नाताई, या शिक्षणसंस्थेत लिपिक आहे. मुख्य कार्यालय इथे अमरावतीला, शाळा आणि वसतिगृहं तिवस्यापासून पार धारणीपर्यंत, आणि एक शाखा अकोल्याला. या एप्रिलात संस्थेनं स्वतःपुरतं शोधयंत्र बसवायला घेतलं. मशीन आपल्याच इमारतीत, कागद आपलेच, बाहेर काही जायचं नाही. सगळ्या शाखांच्या कॉम्प्युटरमध्ये पडलेली पत्रं, ठराव, फोटो ते वाचून ठेवणार; आपण शब्द टाकला की पुढ्यात आणून देणार. पण ज्याला जेवढं दाखवायचं तेवढंच. गृहपालांना त्यांच्या वसतिगृहाचं, मुख्याध्यापकांना त्यांच्या शाळेचं. कोणाला काय दिसतंय हे तपासायचं काम आईकडे आलं, आणि त्यासाठी सोमवारपर्यंत तिच्याकडे एक खातं होतं, ज्याला सगळं दिसायचं.

माझी नववीची परीक्षा संपली होती. गॅदरिंगला पहिल्यांदा माईक हातात घेतल्यापासून मला सगळीकडेच आपली गरज आहे असं वाटायला लागलंय, म्हणून मीही तिथेच. यंत्र बसवायला आलेल्या स्वप्निलदादानं मला शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि म्हणाला, शहाण्यासारखं विचारू नको, लोक विचारतील तसं विचार.

मग काय! कूलरचा वाळ्याचा वास, बाहेर पांढरं पडलेलं ऊन, आणि मी त्या पट्टीत शब्द सोडत बसायची, विहिरीत खडे सोडावे तसे. 'चादर' सोडलं, तर धारणीच्या वसतिगृहातल्या चादरी वर आल्या, दोरीवर वाळणाऱ्या, डोंगराच्या फोटोसकट. 'कुत्रा' सोडलं, तर तिवस्याच्या शाळेतून तक्रार आली, की एक कुत्रा रोज सातवीच्या वर्गात येऊन बसतो आणि मुलांपेक्षा शांत असतो. चांदूर रेल्वेच्या कुठल्या तरी मॅडमनी मुलींसाठी मोठा आरसा मागितला होता. मला वाटायचं, या कार्यालयाच्या भिंती हळूहळू काचेच्या होत चालल्यात आणि मी पाय न हलवता आख्ख्या वऱ्हाडात फिरून राहिलेय. दुपारी डुलकी लागली तरी बोटं चालूच असायची.

आणि या सगळ्यात एक शब्द होता, जो मी टाकत नव्हते. अकोला.

बाबा अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. शनिवारी रात्री येतात, सोमवारी पहाटे जातात. मला कळायला लागल्यापासून आमचं घर असं आहे, आठवड्यातून एकदाच पूर्ण होणारं. आई दरवर्षी अकोल्याच्या बदलीचा अर्ज करायची आणि दरवर्षी तिथली खुर्ची भरलेली असायची. यंदा तिथले लिपिक पुंजारामकाका निवृत्त होणार होते. खुर्ची रिकामी! मी मनातल्या मनात अकोल्याच्या शाळेत दहावीला जाऊनसुद्धा आले होते. बाबा मला स्कूटरवर सोडायला आले होते. रोज.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर आई शेवटची तपासणी करत होती. अकोल्याच्या शाळेतल्या पाण्याच्या टाकीचे कागद नीट येतात का, ते पाहायचं होतं. तिनं 'अकोला' एवढंच टाइप केलं आणि 'पाणी' टाकायच्या आतच पट्टीखाली यंत्रानं आपणहून ओळी उघडल्या. पहिलीच ओळ होती, अकोला लिपिक बदली, सचिवांकडे मंजुरीसाठी. आणि पुढे नाव.

नाव मला दिसलं नाही. आईनं तळहात पडद्यावर ठेवला होता.

तिच्या बोटांच्या फटींतून उजेड येत होता. लालसर. दुसऱ्या हातानं ती एकेक अक्षर पुसत गेली आणि पट्टी कोरी झाल्यावरच तिनं हात काढला.

"आई, तू पाहिलं?"

"नाही."

"मग पाहा ना. मंजुरी व्हायची आहे अजून. दुसऱ्या कोणाचं नाव असलं, तर उद्या सचिवांना, उत्तमराव साहेबांना, भेटता येईल."

"भेटता येईन," आई म्हणाली, "पन त्यायले काय सांगू? मले कसं समजलं म्हनून?"

तेवढ्यात बाबांचाच फोन आला, आणि मी फोन हिसकावून सगळं सांगून टाकलं. बाबांच्या मागे कोणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. मग त्यांनी आईला द्यायला सांगितलं. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण ते मागत होते हे कळत होतं. मागताना त्यांचा आवाज बारीक होतो. आई बराच वेळ हं, हं करत राहिली.

"तुमी म्हनता ते सगळं बरोबर हाय हो," ती शेवटी म्हणाली. "मलेबी वाट्टे. पन सकाळी देवमनभाऊचा चहा मी वापस केला. आता आपल्यासाठी पाहू, तं उद्या त्यायले तोंड कोनतं दाखवू?"

फोन ठेवून तिनं स्वप्निलदादाला निरोप टाकला, की बदल्यांचे कागद इतरांना दिसत नाहीत ना, ते पुन्हा एकदा तपास. मग आम्ही घरी आलो. तिनं भाकरी केल्या, ठेचा केला. मी जेवताना एक अक्षर बोलले नाही, म्हणजे किती राग आला असेल बघा.

सोमवारी अध्यक्षांनी नारळ फोडला. आईचं ते मोठं खातं बंद झालं. नवीन माणसाला खातं उघडून देणं, बदली झाली की त्याची शाखा बदलणं, एवढं तिच्याकडे राहिलं. आत डोकावणं संपलं.

मेमध्ये आदेश निघाले. अकोला तिवस्याच्या रूपालीताईंना मिळालं.

त्या दिवशी मी आईला नको ते बोलले. एक शब्द वाचला असतास तर, म्हणाले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं बाबांच्या शर्टाची घडी घातली, ती उलगडली आणि परत घातली.

"तर कदाचित झालं असतं," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं ती मला समजावेल. समजावलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आठवड्याभरानं रूपालीताई अमरावतीला आल्या. त्यांना अकोल्याचे कागद दिसायला हवेत, म्हणून आईकडेच यावं लागलं. त्या दारातच घुटमळल्या.

"ताई, तुमीबी अर्ज केला होता म्हने."

"केला होता. ये ना, खुर्ची घे."

आईनं त्यांचं नाव काढलं. नावापुढे तिवसा होतं. ते खोडून तिनं शाखांची यादी उघडली, हळूच खाली सरकत अकोल्यावर आली आणि तिथे थांबली. फार नाही. मग बटण दाबलं.

"आता काहीतरी टाकून पाहा," ती म्हणाली. "दिसते का ते."

रूपालीताईंनी जरा विचार केला आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर आपल्या खात्यातून 'अकोला क्वार्टर' टाकलं. एक फोटो आला. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला लागून कडुनिंब. त्याची सावली बरोबर उंबऱ्यापर्यंत आलेली. मी ती सावली पाहतच राहिले. तिच्यात एक खाट सहज मावली असती. रूपालीताईंनी हळूच स्क्रीन थोडा वळवला, आम्हाला दिसू नये म्हणून की नीट दिसावा म्हणून, कळलं नाही.

आई मात्र आपल्या जागेवर गेली. एकाला दिलेलं दुसऱ्याला दिसत तर नाही, हेही तपासावं लागतं. तिनं आपल्या खात्यात तेच शब्द टाकले, अकोला क्वार्टर, आणि वाट पाहिली.

पडदा कोराच राहिला.

"बरोबर हाय," आई म्हणाली, आणि रूपालीताईंना विचारलं, सामान कधी हलवतेस.