शिंप्याचा पुढचा दात

माझ्या धाकट्या साडूला कैद व्हावी असं मला वाटत होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला भला माणूस समजायला नको.

सासरी त्याचा शब्द झेलायला सगळे तयार. त्याच्या विनोदांवर माझी बायकोसुद्धा पोट धरून हसते. मी दातांचा डॉक्टर. सासूबाईंच्या कवळीपासून सगळ्यांचं सगळं फुकट केलं, पण कौतुक त्याचंच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

अशात गाडी लावण्यावरून त्याने शेजारच्या शिंप्याला ठोसा मारला आणि शिंप्याचा पुढचा दात पडला. इस्पितळाच्या दाखल्यात तेवढंच लिहिलं गेलं, आणि पोलिसांनी गंभीर दुखापतीचं कलम लावलं.

वकिलाने सासरी येऊन समजावलं, "नुसता ओठ फुटला असता तर साधी दुखापत, दंडावर भागलं असतं. दात गेला की गंभीर. काही वर्षं आत जावं लागेल." सासूबाई रडायला लागल्या.

तो दात शिंप्याचा नव्हताच. दोन वर्षांपूर्वी मी बसवलेला खोटा दात होता, आणि त्याचं कार्ड माझ्या दवाखान्यात खालच्या खणात होतं. असले दाखले मीही देतो. खोट्या दातावर गंभीर कलम टिकत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शिंपी स्वतःहून बोलणार नव्हता. मीही नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी साडू दवाखान्यात आला. त्याने रुमाल उलगडला. आत तो दात होता, मागे माझाच स्क्रू.

"तिथेच पडला होता, दादा. तुमचंच काम ना?"

"वकिलाला दाखवलास?"

"छे! तुमचे दात एका ठोशात पडतात हे कोर्टात निघालं, तर उद्या तुमच्याकडे कोण येईल? ठेवा तुमच्याजवळ. मारलंय मी, भोगेनही मीच."

मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच, आणि आधीपेक्षा जास्त. हा माझ्यासाठी कैदेत जाणार आणि कधीतरी ते घरात कळणार. मग जन्मभर मला त्याच्या नखाचीही सर येणार नाही. ते मला सोसवणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो आणि कार्ड, दात दोन्ही पुढे केले. "हा मी बसवलेला खोटा दात आहे, साहेब. नीट बसला नव्हता."

न्यायाधीशांनी गंभीर दुखापतीचं कलम काढून टाकलं. साध्या दुखापतीबद्दल दंड झाला, आणि साडू संध्याकाळी घरी आला.

सासूबाईंनी आधी त्याला जवळ घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्या कामाचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं.

"बरं झालं हो जावईबापू, तुमचं काम कच्चं होतं!"

सगळे हसले. साडू तेवढा हसला नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटला.