सासूबाईंच्या उंचीचा ओटा

खानावळ वाचवायला निघालेल्या मंडळींपैकी एकानेही कधी आमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे मी जे केलं ते उद्धटपणाचं वाटणार नाही. वाटलं तर वाटो.

आमची खानावळ ज्या इमारतीत भाड्याने आहे, तिच्या मालकाला ती पाडून तिथे नऊ मजले चढवायचे होते. त्यावर मास्तरांनी तोड काढली. हे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, घरी एकटे, दुपारचं जेवण रोज आमच्याकडे. सरकारच्या यादीत जतन करायची जुनी जागा म्हणून खानावळीचं नाव चढलं, की मालकाला वीटही हलवता येणार नव्हती. दोन वर्षं मास्तरांनी कचेरीचे उंबरठे झिजवले, गल्लीभर फिरून सह्या गोळा केल्या. शेवटी साहेब पाहणीला येणार असं पत्र आलं, तेव्हा घरात लग्न निघाल्यासारखी गल्लीची लगबग सुरू झाली. मीही खूश होते. खोटं कशाला बोलू? खानावळ गेली तर सकाळी उठून मी करायचं काय, ही धास्ती मला रोजचीच होती.

साहेब आले, सगळं पाहिलं, आणि मास्तरांनी मला अटींचा कागद वाचून दाखवला. फरशी, दारं, ओटा, काहीही हलवायचं नाही, बदलायचं नाही. खाली माझी सही हवी.

माझा हात तिथेच थांबला.

तो ओटा सासूबाईंनी स्वतःच्या उंचीचा बांधून घेतलेला. त्या माझ्या खांद्याला लागायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मी यांना म्हटलं, वीतभर वर घ्या. हे म्हणाले, आईला काय वाटेल. सासूबाई गेल्या तर म्हणाले, आईची आठवण आहे. मग हेही गेले, आणि ओटा राहिला. एकतीस वर्षं मी त्याच्यावर वाकून रांधतेय. आता कूस बदलायची तरी आधी पलंगाची कड धरावी लागते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी म्हटलं, आधी ओटा उंच करू द्या, मग सही करते. झालं, सगळे एकदम बोलायला लागले. गल्लीतला फोटोवाला म्हणाला, जुनेपणा तर त्या ओट्यातच आहे. शेजारच्या दुकानातले शिंपीदादा म्हणाले, एवढ्याशासाठी दोन वर्षांची मेहनत पाण्यात घालता का वहिनी? मी मनात म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकायला या मंडळींचं काय जातंय! साहेब बिचारे शांतपणे म्हणाले, ओटा बदलला तर नाव यादीत चढणार नाही, आणि स्वयंपाकघर वगळून यादी होत नाही.

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी भांडते. मास्तरांना हाताला धरून ओट्यापाशी आणलं आणि मोठा डाव हातात दिला. म्हटलं, पन्नास माणसांचा रस्सा आहे, खाली लागू देऊ नका.

मास्तर वाकून ढवळायला लागले. बाकीचे हसले. थोड्या वेळाने हसणं थांबलं. मास्तरांनी आधी एक हात ओट्यावर टेकला, मग कमरेवर ठेवला, पण डाव सोडला नाही. शेवटी मीच तो काढून घेतला. त्यांना सरळ व्हायला बराच वेळ लागला.

"एकतीस वर्षं?" त्यांनी विचारलं.

"एकतीस."

"आणि मी आपला रोज येऊन छान झालंय म्हणत गेलो."

मग त्यांनी साहेबांकडून कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "अर्ज मागे घेतो आम्ही. ओटा फोडायचा आहे."

शिंपीदादा दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मालक इमारत कधी पाडेल याचा आता भरवसा नाही. वर्षभर मिळेल, फार तर दोन. मास्तरांच्या कष्टांवर मी पाणी ओतलं, ही टोचणी मला आहेच. पण गवंडी आला आणि ओटा वीतभर वर गेला.

ओट्यासमोर ताटं द्यायची खिडकी आहे. इतकी वर्षं वाकल्या मानेने मला तिच्यातून फक्त हात दिसायचे, ताट घ्यायला पुढे आलेले. त्या दिवशी पलीकडची अख्खी खोली दिसली. मास्तर कोपऱ्यात बसले होते. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तेवीस वर्षं हा माणूस माझ्या हातचं जेवतोय. जेवताना तो कसा दिसतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं.