अळंबीचं विरजण

आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी एक बरणी असते. तिच्यात गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली अळंबीची पांढरी बुरशी. ही जिवंत बुरशी दोन तारांमध्ये वाढवली, की तिच्यातून आधी गेलेला करंट ती लक्षात ठेवते. चक्क मेमरी चिपचं काम करते! सगळ्या जातींना हे जमत नाही. जमणारी जात शोधायला मला अडीच वर्षं लागली. आई तिला 'शलाकाचं विरजण' म्हणते.

पुष्कर माझा कॉलेजातला सहकारी. बुरशी माझी, सर्किट त्याचं आणि शोधावर नावं दोघांची, असं ठरलं होतं. आमच्याकडे तो इतक्यांदा जेवलाय की आई त्याच्यासाठी आमटीत तिखट कमी घालायची.

एका मंगळवारी मी लेक्चरला असताना तो घरी आला. "मावशी, शलाकाने तिचं विरजण मंगवलंय थोडं." आईने अर्धी बरणी काढून दिली. विरजणाला आमच्या गल्लीत कुणी नाही म्हणत नाही आणि कशाला हवंय, असं विचारतही नाही. संध्याकाळी आईने सांगितलं, तेव्हा मला वाटलं, सर्किटसाठीच नेलं असेल.

महिन्याभराने वर्तमानपत्रात फोटो आला. आमच्याच शहरात, पलासिया भागातल्या एका हॉटेलात पुष्कर बुरशीच्या मेमरीचं यंत्र हातात धरून उभा. बातमीत यंत्र त्याचं, शोध त्याचा, बुरशीसुद्धा त्यानेच शोधलेली. माझं नाव कुठेच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच फोन लावला.

"अरे यार शलाका, फंगस तर कुठेही उगतं. असली काम तर सर्किटचं आहे ना!"

"मग कुठलंही घ्यायचं होतंस. माझ्या आईशी खोटं कशाला बोललास?"

त्याने फोन कापला. केसाने गळा कापला मेल्याने! मी ओक्साबोक्शी रडले, तेव्हा आईला सगळं सांगावं लागलं.

"मीच दिलं ना गं, माझ्या हाताने," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शारदाकाकू वाटी घेऊन आल्या. "मनोरमाताई, जरा विरजण द्या हो."

आईने फ्रिज उघडला. पातेल्याकडे गेलेला हात मधेच थांबला. पस्तीस वर्षं या घरातून विरजण जातंय.

"कशाला हवंय?" आईने विचारलं.

काकूंना थट्टा वाटली. त्या हसल्या. आई हसली नाही.